गण झाला, गवळण झाली; बतावणी कुठं गेली?

मंडळी, चैत्र जवळ आला की आपल्या जिल्ह्यात देवळापुढच्या पारावर एकच बैठक बसते. यात्रा कमिटीची. वर्गणी घरटी किती, कुस्त्यांना शेवटचं इनाम किती, पालखीला बैलजोडी कुणाची, हे सगळं ठरतं आणि मग कुणीतरी विचारतं, "तमाशा कुणाचा आणायचा?" तिथून पुढं तासभर बोलणं चालतं. बायका किती नाचतात, साऊंड कसा आहे, लाईट कसली आहे, गाणी नवी आहेत का, फडाच्या गाड्या किती. सगळं विचारून होतं. फक्त एक प्रश्न अलीकडं कुणी विचारत नाही, तो म्हणजे, "सोंगाड्या कोण हाय?"

पूर्वी हा प्रश्न पहिला असायचा. तुमच्या घरातल्या सत्तरीच्या माणसाला विचारून बघा. त्याला त्या वर्षी कोण नाचलं ते आठवणार नाही, पण हवालदार झालेला सोंगाड्या सरपंचाला काय म्हणाला ते तो शब्दाला शब्द सांगेल. आमच्या कामाच्या निमित्तानं आम्हाला माळशिरसपासून अक्कलकोटपर्यंत गावं फिरावी लागतात. म्हातारी माणसं भेटली आणि पिकाचं बोलणं संपलं की हा विषय निघतोच. म्हणून आज खतं-बियाणं जरा बाजूला ठेवून सोंगाड्याबद्दल लिहितो. तसा तो आमच्या खात्याच्या कामाचाही विषय आहे, ते पुढं येईल.

तमाशाचा जुना क्रम तुम्हाला ठाऊकच आहे. आधी गण, मग गवळण, मग बतावणी, मधे रंगबाजीच्या लावण्या आणि शेवटी वग. गणात गणपतीला बोलावणं असतं. ढोलकी, हलगी, तुणतुणं आणि कडं लागलं की मैदानातली पोरंसोरं गप्प होतात. खरी गंमत त्याच्या पुढं.

गवळण म्हणजे काय, हे आपल्या दूधवाल्या शेतकऱ्याला तरी समजावून सांगायला नको. गवळणी दूध-दही-लोणी घेऊन मथुरेच्या बाजाराला निघाल्यात. बरोबर मावशी आहे. मावशी म्हणजे लुगडं नेसलेला पुरुष, मिशीची कड अजून दिसतीय असा. वाटेत कृष्ण आणि त्याचा सवंगडी पेंद्या आडवे होतात. दाण दिल्याशिवाय पुढं जाऊ देत नाहीत. मावशी भांडते, पेंद्या बोबडं बोलून तिची टर उडवतो, कृष्ण शहाण्यासारखा उभा राहतो. एवढीच गोष्ट. पिढ्यान्‌पिढ्या तीच, तेच सवाल, तेच जबाब. मावशी कंबरेवर हात ठेवून कधी वळणार हे पुढच्या रांगेतल्या पोरालासुद्धा माहीत असतं. तरी हसू येतं.

का येतं, याचा विचार करण्यासारखा आहे. गोष्ट जुनी असली तरी तिच्यात एक रिकामी जागा सोडलेली असते आणि ती जागा सोंगाड्या त्या त्या गावात त्या त्या रात्री भरतो. पेंद्या दाण मागतो तेव्हा मावशी म्हणते, "तुला दाण देऊ, डेअरीला फॅट देऊ, डॉक्टरला फी देऊ, मग म्हशीनं काय खावं, तुझी बासरी?" हे वाक्य कुठल्या पोथीत लिहिलेलं नाही. दुधाचा दर पडला असेल त्या साली ते येतं. दर बरा असला तर दुसरं काहीतरी येतं. चांगला सोंगाड्या दुपारी गावात आला की झोपत नाही. चहाच्या टपरीवर बसतो. सोसायटीची निवडणूक झाली का, डीपी कधी जळला, टँकर किती दिवसांनी येतो, तलाठी आप्पा भेटतात का, हे सगळं गोळा करतो. रात्री तेच मावशीच्या तोंडी घालतो. गावाला वाटतं, मथुरेची वाट आपल्याच शिवारातून गेली आहे.

बतावणी ही त्याच्या पुढची पायरी. दोन माणसं, फार तर तीन. एक सरदार. तो सरळ बोलणारा. दुसरा सोंगाड्या. तो प्रत्येक शब्दाचा उलटा अर्थ काढणारा. हातात काही नाही, मागं पडदा नाही. सरदार विचारतो, सोंगाड्या चुकीचं ऐकतो, सरदार चिडतो, सोंगाड्या आणखी चुकीचं ऐकतो आणि बरोबर त्या क्षणाला ढोलकीवाला थाप मारतो. ती थाप अर्धा श्वास आधी पडली तरी हशा गेला आणि अर्धा श्वास उशिरा पडली तरी गेला. लोकांना वाटतं सोंगाड्या हसवतो. जाणकार सांगतील, निम्मा हशा सरदाराचा असतो. तो गंभीर राहिला पाहिजे. स्वतःच हसला की खेळ संपला. आपल्याकडं भाषणं करणाऱ्यांनीही ही गोष्ट सरदाराकडून शिकायला हरकत नाही, पण ते असो.

या कलेतली मोठी नावं आपल्या आसपासचीच आहेत. सांगली जिल्ह्यातल्या कवलापूरचे काळू-बाळू. खरी नावं लहू आणि अंकुश संभाजी खाडे, जुळे भाऊ. घराण्यातच तमाशाचा फड. 'जहरी प्याला' या वगात त्यांनी काळू आणि बाळू नावाचे दोन हवालदार उभे केले आणि ती नावं अशी चिकटली की खरी नावं मागं पडली. जुळेपणाचा त्यांनी पुरेपूर उपयोग केला. सारखा चेहरा, सारखा पोशाख, एकानं वाक्य सुरू करायचं आणि दुसऱ्यानं भलतीकडं नेऊन सोडायचं. हवालदार दोघं, पण अक्कल दोघांत मिळून अर्धी, असा सगळा मामला. एरवी पोलीस ठाण्याची पायरी चढताना ज्याचे पाय लटपटतात असा माणूस त्या रात्री हवालदाराला पोट धरून हसायचा. दोघंही भाऊ आज हयात नाहीत. त्यांचा तो वग मात्र खेड्यापाड्यात अजून नावानं ओळखला जातो.

दुसरं नाव दादू इंदुरीकरांचं. 'गाढवाचं लग्न' हा हरिभाऊ वडगावकरांचा वग. त्यातला सावळ्या कुंभार म्हणजे दादू इंदुरीकर, हे समीकरणच झालं होतं. इंद्राच्या दरबारातला गंधर्व शापानं गाढव होतो आणि कुंभाराच्या दारी येतो. गाढवाला राजाची मुलगी करायची असते. बघा, गोष्ट केवढी अशक्य! पण सावळ्या आणि त्याची बायको गंगी यांचं घरातलं बोलणं इतकं खरं की गाढव बोलतंय याचा कुणाला विसर पडावा. गरीब कुंभार राजाच्या दारात मागणं घालायला जातो तेव्हा त्याची जी तारांबळ उडते, ती तहसील कचेरीत दाखला मागायला गेलेल्या आपल्या माणसाच्या तारांबळीहून वेगळी नाही.

हीच गवळण-बतावणी पुढं शहरातल्या नाट्यगृहात गेली. वसंत सबनीसांनी 'छपरी पलंगाचा वग' लिहिला. तोच 'विच्छा माझी पुरी करा' या नावानं १९६५ पासून दादा कोंडक्यांनी गाजवला. प्रयोग दीड हजाराच्या वर गेले. राजा, प्रधान, कोतवाल, हवालदार, मैना ही सगळी पात्रं जुन्या वगातलीच. लिहिलेली संहिता म्हणजे नुसता सांगाडा. त्या दिवशीच्या वर्तमानपत्रात जे आलं असेल ते दादा संध्याकाळी रंगमंचावर आणायचे. म्हणून लोक तेच नाटक पुन्हा पुन्हा बघायचे. त्या अगोदर दादा राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात होते. निळू फुले, राम नगरकर हेही त्याच कलापथकाच्या तालमीतले. पु. ल. देशपांड्यांचं 'पुढारी पाहिजे' सेवा दलासाठीच लिहिलेलं. निळूभाऊंचं नाव झालं ते शंकर पाटलांच्या 'कथा अकलेच्या कांद्याची' या लोकनाट्यातून. पुढं त्यांनी पडद्यावर रंगवलेला सरपंच बघून गावोगावचे सरपंच थोडे सावध झाले, असं लोक गमतीनं म्हणतात.

आपला सोलापूर जिल्हा यात मागं नव्हता. शाहीर राम जोशी (१७६२ ते १८१२) सोलापूरचे. विठाबाई नारायणगावकर १९३५ साली जन्मल्या त्या पंढरपुरात. मोडनिंबला संगीतबारीची जुनी परंपरा. अकलूजला १९९३ साली लावणी स्पर्धा सुरू झाली आणि लावणीला चारचौघांत मान मिळाला. बतावणीच्या वाट्याला असा मान आला नाही. आणि बार्शीनं दिलेले शाहीर अमर शेख, जन्म १९१६. अण्णा भाऊ साठे, द. ना. गवाणकर आणि अमर शेख या तिघांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक काढलं. अण्णा भाऊंनी तमाशाचा साचा घेतला. गणात देवाऐवजी मायभूमीला आणि हुतात्म्यांना वंदन घातलं, गवळण काढली, पण सोंगाड्या ठेवला. त्यांचं 'अकलेची गोष्ट' हे लोकनाट्य १९४५ साली टिटवाळ्याच्या शेतकरी परिषदेत झालं, ते शेतकऱ्यांपुढंच. सावकाराचा हिशेब कसा असतो, हे सांगायला त्यांनी आकडे वाचून दाखवले नाहीत, माणूस उभा केला. त्याच्याही आधी सत्यशोधक समाजाच्या जलशांनी गण-गवळणीचाच ढाचा घेऊन शिक्षण, कर्मकांड आणि सावकारी हे विषय गावात नेले. पुढं आंबेडकरी जलसे झाले, त्यात भीमराव कर्डक यांचं नाव मोठं.

पंढरीच्या वाटेवरचं भारूड हे याचंच भावंड. एकनाथांनी वासुदेव, जोशी, पांगुळ अशी गावातली सोंगं घेतली आणि त्यांच्या तोंडून परमार्थ सांगितला. पंढरपूरच्या चंदाबाई तिवाडी यांनी भारुडातून दारू, अंधश्रद्धा, मुलीचा जन्म हे विषय मांडले. आणि गाडगेबाबांचं कीर्तन आठवा. पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा बांधणारे बाबा कीर्तनाला उभे राहिले की आधी प्रश्न टाकायचे. लोकांकडून उत्तर काढायचे, मग त्या उत्तरावर दुसरा प्रश्न. समोरचा हजाराचा जमाव म्हणजे त्यांचा सरदार आणि बाबा सोंगाड्या. हसता हसता माणूस आपल्याच उत्तरात अडकायचा.

*खात्याची माहिती आणि सोंगाड्याची जीभ*

आता आमच्या कामाकडं येतो. शासनाच्या योजना लोकांपर्यंत पोचवायला कलापथकं लावण्याची रीत जुनी आहे. कुटुंब नियोजन झालं, साक्षरता झाली, २००० साली गाडगेबाबांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं तेव्हाही गावोगाव पथकं फिरली. काही गावांत रंगली, काही गावांत लोक उठून गेले. कुठं रंगली आणि कुठं पडली, हे बघितलं तर एक गोष्ट ध्यानात येते. जिथं परिपत्रकातलं वाक्य जसंच्या तसं कलावंताच्या तोंडी घातलं, तिथं खेळ पडला. "लाभार्थ्यांनी विहित नमुन्यात अर्ज सादर करावा" हे वाक्य ढोलकीवर म्हणा नाहीतर हलगीवर, ते कचेरीतलंच राहतं.

मंगळवेढा तालुक्यातल्या एका गावात रब्बीच्या तोंडावर शेतकऱ्यांचा मेळावा होता. मालदांडी ज्वारीचा पट्टा. मोहोळच्या संशोधन केंद्रानं निवडलेली ही मालदांडी अजून आपल्या कोरडवाहू रानाचा आधार आहे. विषय बीजप्रक्रियेचा. विषय कोरडा आहे आणि दरवर्षी सांगावा लागतो. कारण साठ-सत्तर टक्के, असं आकड्यात सांगत नाही, पण पुष्कळ माणसं घरचं बियाणं तसंच पाभरीत टाकतात. त्या दिवशी गावातलेच दोन भजनी मंडळाचे गडी बतावणीला उभे राहिले. त्यातला एक लहानपणी चुलत्याबरोबर फडात राहून आलेला. मी माहिती सांगितली, त्यांनी ती मोडून आपल्या भाषेत घातली. ती साधारण अशी झाली.

"सोंगाड्या, गावात काणी आलीया म्हणं."

"मग येऊ द्या की सरदार. एक डोळा गेला म्हून काय झालं? भाकरी तर दोन हातानं थापती न्हवं!"

"आरं बायको न्हवं रं! ज्वारीची काणी!"

"ज्वारीला डोळं कवापासनं फुटलं?"

"गाढवा, कणसात दाण्याच्या जागी काळी भुकटी भरती. त्या रोगाला काणी म्हणत्यात."

"आन् ही रोगीन घरात आणली कुणी?"

"तूच! बियाण्यातनं आली. पेरायच्या आधी किलोला चार ग्रॅम गंधक चोळलं असतं तर आली नसती."

"म्हंजी नवरीला हळद आन् बियाला गंधक?"

"आत्ता कळलं!"

"कळलं खरं, पर सरदार, एकराला बी चार किलो, तवा गंधक झालं सोळा ग्रॅम. आमच्या दुकानदाराकडं सोळा ग्रॅमचं माप न्हाई. त्यो किलोभर देतो आन् उरल्यालं उधारीवर लिहितो!"

हे शेवटचं वाक्य मी सांगितलेलं नव्हतं. हशा त्याच्यावरच सगळ्यात मोठा झाला. पण मला जे हवं होतं ते त्याच्या आधीच होऊन गेलं होतं. किलोला चार ग्रॅम, एकराला सोळा ग्रॅम, हा हिशेब माणसाच्या डोक्यात बसला. दुसऱ्या दिवशी एक म्हातारा शेतकरी कार्यालयात आला आणि "ती हळद कुठं मिळंल?" असं विचारू लागला. त्याला काय हवं ते मला लगेच कळलं. (दुकानदाराचा मुद्दाही खोटा नव्हता. आता चार शेतकरी मिळून एक पुडा घ्या, असं आम्ही सांगतो.)

इथं हसू काण्या बाईवर नव्हतं, सोंगाड्याच्या ऐकण्यावर होतं. हा फरक बारीक आहे, पण महत्त्वाचा आहे. तमाशातले सगळेच विनोद राखण्याजोगे आहेत, असं माझं म्हणणं नाही. पेंद्याच्या लंगडेपणावर, कुणाच्या जातीवर, बायकोला मारण्यावर हशा काढण्याचे प्रकार जुन्या बतावणीत होते. बरेच फड ते आता गाळतात आणि चांगलं करतात. काही ठिकाणी द्व्यर्थी बोलणं इतकं वाढतं की द्व्यर्थी कसलं, एकच अर्थ उरतो. पण त्याचा दोष एकट्या फडाला देता येत नाही. पुढच्या रांगेतली दहा-पंधरा टारगट पोरं जे मागतात ते फडाला द्यावं लागतं. कारण मागं बसलेली माणसं गप्प बसतात आणि आयाबाया तर घरीच असतात. बायका समोर बसलेल्या असल्या की सोंगाड्याची जीभ आपोआप नीट चालते आणि विनोद कमी होत नाही, उलट अवघड होतो आणि अवघड विनोद जास्त हसवतो.

*बतावणी कशी उडाली*

बतावणी कुणी ठरवून काढली नाही. ती वेळेच्या माऱ्यात गेली. पूर्वी तमाशा रात्री जेवणं झाल्यावर लागायचा आणि वग संपता संपता कोंबडं आरवायचं. गणाला घाई नव्हती, गवळणीला घाई नव्हती. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. आजारी माणूस, परीक्षेची पोरं यांच्यासाठी हा नियम बरोबरच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. वर्षातले काही ठराविक दिवस रात्री १२ पर्यंत सवलत मिळते. पण ते जास्तीत जास्त १५, आणि कोणते ते जिल्हाधिकारी जाहीर करतात. आपल्या गावाची जत्रा त्या दिवसांत येईलच असं नाही.

आता हिशेब करा. पालखी देवळात यायला आठ, शोभेची दारू उडवायला साडेआठ, पाहुण्यांचे सत्कार संपायला सव्वानऊ. सत्कारात नारळ किती आणि टोप्या किती, ते तुम्हीच मोजा. मग फडाच्या हातात पाऊण तास उरतो. पाऊण तासात फडमालक काय दाखवणार? चार गाणी. सिनेमातली, कारण तीच मागितली जातात. गण एका कडव्यात उरकतो, गवळण पाच मिनिटांत, बतावणी नाहीच आणि वगाचं नुसतं नाव पुकारायचं. मग आपणच दुसऱ्या दिवशी म्हणतो, "तमाशात आता काय राम राहिला न्हाई."

दुसरं कारण पैशाचं. तंबूचा मोठा फड म्हणजे पन्नास-शंभर माणसांचा संसार, वर गाड्या, डिझेल, जनरेटर. दसऱ्याला बाहेर पडायचं ते सावकाराची किंवा ठेकेदाराची उचल डोक्यावर घेऊनच. सगळा भरवसा चैत्र-वैशाखातल्या जत्रांच्या सुपाऱ्यांवर. २०२० आणि २०२१ अशी लागोपाठ दोन वर्षं करोनानं जत्रा बंद राहिल्या, तेव्हा पुष्कळ कलावंत मजुरीला लागले. नाचणारी मुलगी दोन-तीन हंगामांत तयार होते. सोंगाड्या तयार व्हायला दहा-बारा वर्षं लागतात. आधी झिलकरी म्हणून मागं उभं राहायचं, मग मावशी, मग हवालदार. तालीम नसते, वही नसते, ऐकून ऐकून शिकायचं. ज्या फडात बतावणीच होत नाही, त्या फडात पोरगं शिकणार कुठं? बियाणं पेरलंच नाही तर पुढच्या साली बियाणाला तरी उरणार कुठून, हे शेतकऱ्याला मी काय सांगू?

मोबाईलवर विनोद पुष्कळ मिळतो, हे मान्य. दूरदर्शनवरही विनोदी प्रहसनं चालतात. मीही बघतो. काही उत्तम असतात आणि त्यांत सरदार-सोंगाड्याची जोडी ओळखू येते. पण त्यांतल्या कुणालाही आपल्या गावचा डीपी कधी जळला ते माहीत नसतं.

तेव्हा यात्रा कमिटीच्या पंचांना, सरपंचांना, पोलीस पाटलांना आणि ग्रामसेवकभाऊंना काही व्यवहाराच्या गोष्टी सांगाव्याशा वाटतात. यातली कुठलीच खर्चाची नाही.

सुपारी ठरवताना फडमालकाला सरळ विचारा की सोंगाडे किती, मावशी कोण करतो, वग कोणता. इसार देताना कागदावर लिहून घ्या, गण, गवळण, बतावणी आणि वग पूर्ण झाला पाहिजे. फडमालकाला याचा राग येणार नाही. असं विचारणारं गिऱ्हाईक भेटलं म्हणून तो खूश होईल. खेळाची वेळ सात ठेवा. सत्कार देवळात उरका, स्टेजवर नको. जत्रा सवलतीच्या दिवसांत बसते का, ते आधीच तहसीलमध्ये विचारून ठेवा आणि पोलीस ठाण्यात परवानगीचा अर्ज वेळेत द्या. आदल्या दिवशी धावपळ करून काही होत नाही.

आणि दिवसाची हजेरी बंद पडू देऊ नका. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी, कुस्त्यांच्या आधी, तमाशाची हजेरी व्हायची ती रीत अनेक गावांत नुसती नावाला उरली आहे. दिवसा लाऊडस्पीकरची ती अडचण येत नाही. सकाळी दहाला देवळापुढं मांडव असतोच. तिथं तासभर गवळण आणि बतावणीच ठेवा, गाणी रात्रीला. दिवसा आयाबाया येतात, म्हातारी माणसं येतात, शाळेची पोरं येतात. सोंगाड्याला असे ऐकणारे मिळाले की तो काय करतो ते बघण्यासारखं असतं.

राहण्याची सोय हाही एक मुद्दा आहे. शंभर माणसं रात्रभर प्रवास करून येतात आणि आपण त्यांना शाळेचा व्हरांडा दाखवतो. त्यांत बायका असतात, कधी तान्ही लेकरं असतात. पाण्याचा एक टँकर, आंघोळीला आडोसा, संडासाची किल्ली आणि दुपारचं जेवण, एवढं ग्रामपंचायतीनं बघितलं तरी पुष्कळ. आपल्या गावाला हसवायला आलेल्या माणसाला चहासाठी हॉटेल शोधत फिरावं लागू नये.

फड दुपारी गावात उतरला की पंचांपैकी एकानं सोंगाड्याजवळ अर्धा तास बसावं. गावात यंदा काय झालं ते त्याला सांगावं. सोसायटीची निवडणूक, कॅनॉलचं पाणी, डाळिंबावरचा तेल्या, बंद पडलेली बस, सगळं. स्वतःबद्दलचंही सांगायला हरकत नाही. एका गावच्या सरपंचानं आपल्याच न झालेल्या गटारीची हकिकत सोंगाड्याला सांगितली होती. रात्री मावशी त्या गटारीत पडली, गवळणींनी तिला दोरानं वर काढलं आणि कृष्णानं दाण माफ केलं. सरपंच पुढच्या रांगेत बसून सगळ्यात मोठ्यानं हसत होता. पावसाळ्याच्या आत गटार झाली.